नोकरी शोधतोय, मिळत नाही: आता जोर नेमका कुठे लावायचा?

(या एपिसोडचं हे लिखित रूप. बोलताना आलेले 'अं', 'म्हणजे कसंय ना' काढून टाकलेत, बाकी भाषा तशीच ठेवली आहे. एसटीत आवाजामुळे ऐकू येत नसेल तर वाचून घ्या, दहा मिनिटांचं काम आहे.)

खरं सांगायचं तर हा एपिसोड मी नोकरी लागल्यावर करणार होतो. शीर्षकसुद्धा ठरलं होतं. पण नोकरी अजून लागलेली नाही, आणि मध्ये मला तुमच्यापैकी बऱ्याच जणांचे मेसेज आले. कुणी आठ महिने शोधतंय, कुणी दीड वर्ष. मग म्हटलं, यशस्वी झाल्यावर सांगणारे खूप आहेत. मध्येच अडकलेला माणूस काय करतो, हेही कुणीतरी सांगायला हवं.

तर माझी परिस्थिती. वय अठ्ठावीस. कॉम्प्युटरमध्ये बीटेक. पुण्यात एका कंपनीत साडेचार वर्षं जावा बॅकएंडवर काम केलं. चौदा महिन्यांपूर्वी आमचा प्रोजेक्ट बंद झाला आणि आमची अख्खी टीम घरी गेली. तीन महिने पुण्यात रूम ठेवून बघितलं. भाडं परवडेना, म्हणून सामान बांधून अक्कलकोटला आलो. आमचं मंदिराजवळ नारळ, हार, पेढ्यांचं छोटं दुकान आहे. सकाळी दुकान, दुपारी लॅपटॉप, असं चाललंय.

आजचा विषय एकच. शोध लांबला की सगळे सांगतात, 'अजून जोर लाव.' बरोबर आहे. पण जोर कुठे लावायचा, हे कुणी सांगत नाही. मी वर्षभर चुकीच्या जागी लावला.

आधी हवामान समजून घ्या

सगळा दोष स्वतःला देण्याआधी काही आकडे बघा. २०२१-२२ या एका आर्थिक वर्षात एकट्या टीसीएसने एक लाखाहून जास्त माणसं वाढवली होती. कोरोनानंतर जगभरच्या कंपन्यांना सगळं ऑनलाइन न्यायचं होतं, त्यामुळे आपल्याकडे भरतीचा पूर आला. पुढे अमेरिकेत व्याजदर वाढले, तिथल्या ग्राहक कंपन्यांनी खर्चाला कात्री लावली, आणि इथे आधीच भरून ठेवलेली माणसं बेंचवर बसली. २०२३-२४ मध्ये टीसीएसची कर्मचारी संख्या १३,२४९ ने कमी झाली, इन्फोसिसची २५,९९४ ने आणि विप्रोची २४,५१६ ने. तीनच कंपन्या, आणि एका वर्षात जवळपास ६४ हजारांची घट. पुढच्या वर्षी टीसीएस आणि इन्फोसिसमध्ये संख्या थोडी वाढली, पण ती काही हजारांत. आणि जुलै २०२५ मध्ये टीसीएसनेच सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांच्या आसपास लोक कमी करणार असल्याचं जाहीर केलं.

हे आकडे मी बहाणा म्हणून सांगत नाहीये. पाऊस नसला की शेतकरी स्वतःला नालायक म्हणत नाही, पण घरी बसूनही राहत नाही. कमी पाण्यात काय येईल ते बघतो. आपल्यालाही तेच करायचंय.

माझी पहिली चूक: नुसता आकडा वाढवला

सहा महिने झाल्यावर मी ठरवलं, आता शोध वाढवायचा. म्हणजे काय केलं? दिवसाला दोन अर्ज टाकत होतो, ते पाच केले. पोर्टलवर एका बटणात अर्ज जातो. रात्री अंथरुणात पडल्या पडल्या मोबाईलवर पाच ठिकाणी अर्ज टाकायचा आणि 'आज काम केलं' असं समाधान करून झोपायचं. महिनाभर ते चाललं, मग तेही सुटलं.

वर्ष उलटलं तेव्हा एका दुपारी मी शीट उघडली आणि सगळा हिशोब मांडला. आपण इंजिनियर लोक. कोड चालत नसेल तर अजून दहा वेळा रन करत बसत नाही, लॉग बघतो. इथे मात्र वर्षभर लॉगच बघितला नव्हता.

हिशोब असा निघाला. एकूण अर्ज ४१२. त्यातून फोन किंवा ऑनलाइन टेस्ट आली ११ वेळा. तांत्रिक मुलाखतीपर्यंत गेलो ४ वेळा. शेवटच्या फेरीला १ वेळा. ऑफर शून्य.

आता हे नीट बघा. सदतीस अर्ज केले की एक फोन. पण फोन आल्यावर अकरापैकी चार म्हणजे फार वाईट नाही. माझी गळती मुलाखतीत नव्हती, त्याच्या खूप आधी होती. माझा रिझ्युमे कुणी उघडतच नव्हतं. आणि मी काय करत होतो? दिवसभर कोडिंगचे प्रश्न सोडवत होतो! नळ टाकीपाशी गळतोय आणि मी बाथरूममधली तोटी बदलतोय, असला प्रकार.

तुमची गळती कुठे आहे?

तुम्हीही आज एवढंच करा. शीटमध्ये चार आकडे लिहा: अर्ज, फोन किंवा टेस्ट, मुलाखत, ऑफर. नोंद ठेवली नसेल तर ईमेलमध्ये शोधा, बहुतेक सापडतात. मग बघा सगळ्यात जास्त कुठे गळतंय.

एक: अर्ज भरपूर, फोन नाहीत. इथे रिझ्युमे किंवा अर्जाची वाट चुकतेय. मोठ्या कंपन्यांत रिझ्युमे आधी सॉफ्टवेअर वाचतं. दोन कॉलम, तक्ते, आयकॉन, फोटो असले की त्याचा गोंधळ होऊ शकतो. सोपी परीक्षा आहे. तुमची पीडीएफ मोबाईलवर उघडा, सगळा मजकूर कॉपी करून नोट्समध्ये पेस्ट करा. तिथे ओळी उलटसुलट दिसल्या, तर त्या सॉफ्टवेअरलाही तशाच दिसत असतील. माझ्या रिझ्युमेत फोन नंबर थेट शिक्षणाच्या मध्ये जाऊन बसला होता. वर्षभर!

दुसरं म्हणजे, एकच रिझ्युमे सगळीकडे टाकू नका. जाहिरातीत जे शब्द आहेत आणि जे काम तुम्ही खरंच केलंय, ते पहिल्या अर्ध्या पानात दिसलं पाहिजे.

दोन: टेस्टपर्यंत जाता, पण टेस्टमध्ये अडकता. इथे सराव, तोही घड्याळ लावून. यूट्यूबवर कुणीतरी सोडवताना बघणं म्हणजे सराव नाही. पोहण्याचे व्हिडिओ बघून विहिरीत उडी मारता येत नाही.

तीन: मुलाखती होतात, पण पुढे जात नाही. इथे ज्ञानापेक्षा सांगण्याची अडचण जास्त असते. आपल्याकडची पोरं घरात कन्नड, दोस्तांत मराठी, कॉलेजात मिक्स बोलतात आणि मुलाखतीत एकदम इंग्रजी. डोक्यात उत्तर असतं, तोंडात येत नाही. यावर उपाय एकच: स्वतःच्या प्रोजेक्टबद्दल दोन मिनिटं बोला, मोबाईलवर रेकॉर्ड करा, ऐका. पहिल्यांदा ऐकताना लाज वाटते. पाचव्यांदा चुका दिसतात. दहाव्यांदा त्या कमी होतात.

चार: शेवटच्या फेरीत गळता. मग पगाराची अपेक्षा, रुजू व्हायची तारीख, शहर बदलायची तयारी हे तपासा. आणि नकार आला की नम्रपणे कारण विचारा. सगळे सांगत नाहीत, पण एखादा सांगतो.

फक्त ओळखीची ओळख

आता माझ्या गळतीकडे येतो. अर्जाला उत्तरच नाही, तर दुसरी वाट म्हणजे माणसं. पण कुठली माणसं? जवळच्या चार मित्रांना मी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं. त्यांच्याकडे काही नव्हतं, मग विषय संपला असं मला वाटलं.

इथे एक जुना अभ्यास कामाला येतो. मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली एक लेख लिहिला. ज्यांना ओळखीतून नोकरी मिळाली होती, त्यांना त्याने विचारलं, की ज्याने ही बातमी दिली तो माणूस तुम्हाला किती वेळा भेटायचा? शंभरातल्या ऐंशीहून जास्त जणांचं उत्तर होतं 'अधूनमधून' किंवा 'क्वचित'. रोज भेटणारा क्वचितच होता. कारण सोपं आहे. जवळच्या मित्राला जे माहीत असतं ते बहुतेक आपल्यालाही माहीत असतं. लांबच्या ओळखीचा माणूस वेगळ्या जगातली खबर आणतो.

२०२२ साली 'सायन्स' या नियतकालिकात लिंक्डइनवरचा मोठा अभ्यास आला, दोन कोटी लोकांचा. त्यातही निष्कर्ष तसाच: नोकरी बदलायला घट्ट मैत्रीपेक्षा मध्यम-सैल ओळखींचा उपयोग जास्त. आणि जिथे काम डिजिटल आहे, त्या क्षेत्रांत हे अधिक दिसलं. म्हणजे आपल्याच क्षेत्रात.

हे वाचून मी जरा गप्प बसलो. कारण सैल ओळखी म्हटल्या तर आमच्या गावाइतक्या कुठे असतील? दर गुरुवारी अक्कलकोटात अर्धा महाराष्ट्र उतरतो. पुणे, मुंबई, नाशिक, शिवाय कर्नाटक. आमच्या दुकानात वर्षानुवर्षं ठरलेली गिऱ्हाइकं येतात. मला लहानपणापासून बघितलेली माणसं. आणि त्यांना काय माहीत होतं? काहीच नाही. कारण आम्ही लपवत होतो.

म्हणजे असं, की कुणी अप्पांना विचारलं, "पोरगं काय करतंय?" तर अप्पा म्हणायचे, "पुण्याला कॉम्प्युटरमधी हाय." आणि मी आत पेढ्यांचे बॉक्स भरत बसलेलो. गुरुवारी मी मुद्दाम मागच्या बाजूला बसायचो. लिंक्डइनवरही माझं तेच. जुन्या कंपनीचं नाव तसंच ठेवलेलं, जणू अजून तिथेच आहे. मग कुणी मला नोकरी सुचवणार तरी कशी? ज्याला नोकरी आहे त्याला कोण सुचवतं?

माझी खरी गळती ही होती. रिझ्युमेचा फोन नंबर नंतरची गोष्ट.

एका गुरुवारी पुण्याचे एक काका आले. दरवर्षी येतात. त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला. अप्पा नारळ निवडता निवडता म्हणाले, "आलाय की घरी. चौदा महिनं झालं, शोधतोय. तुमच्याकडं काही असलं तर सांगा बघा." माझ्या हातातला बॉक्स तसाच राहिला. मला राग आला, लाज वाटली, सगळं एकदम. काकांनी मात्र काही विशेष घडल्यासारखं केलंच नाही. त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, "कशात काम केलंयस?" मी सांगितलं. त्यांच्या पुतण्याचा नंबर देऊन गेले.

रात्री मी अप्पांना म्हटलं, "असं सगळ्यांसमोर कशाला सांगायचं?" अप्पा म्हणाले, "माल दाखवल्याबिगर कुणी घेतंय का?" मंडळी, वर्षभर मी जे शीटवर शोधत होतो ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं. त्याच रात्री मी लिंक्डइनवर खरी तारीख टाकली.

मेसेज कसा लिहायचा?

ओळख सापडली तरी मेसेज नीट हवा. माझा जुना मेसेज असा होता: 'नमस्कार सर, मी जॉब शोधत आहे. काही ओपनिंग असेल तर कृपया कळवा.' यात सगळं काम समोरच्याच्या अंगावर. त्यानेच जागा शोधायची, त्यानेच ठरवायचं मी कुठे बसतो.

आता असा लिहितो: 'नमस्कार, मी अक्कलकोटचा, आपल्याच कॉलेजचा, तुमच्यानंतर दोन बॅच. जावा बॅकएंडवर साडेचार वर्षं काम केलंय, त्यातली दोन पेमेंट सिस्टिमवर. तुमच्या कंपनीच्या साइटवर बॅकएंडची एक जागा दिसली, लिंक देतोय. रेफर करणं शक्य असेल तर बरं होईल. नसेल तर तुमच्याकडे मुलाखतीत कशावर भर देतात, एवढं सांगितलंत तरी खूप उपयोग होईल.'

चार गोष्टी आहेत: तुमचा-माझा धागा, मी काय केलंय, नेमकी जागा, आणि 'नाही' म्हणायला मोकळी वाट. आणि संकोच करू नका. बऱ्याच कंपन्या चांगला माणूस सुचवल्याबद्दल आपल्या कर्मचाऱ्याला बोनस देतात. तुम्ही भीक मागत नाही. आठवड्याने एकदा आठवण करा, मग सोडून द्या.

शॉर्टकट दिसला की थांबा

शोध लांबला की माणूस हळवा होतो, आणि नेमके तेव्हाच दोन प्रकारचे लोक भेटतात.

पहिले म्हणतात, "गॅप भरून देतो, एक्स्पीरियन्स लेटर घे, इतके हजार दे." मलाही आला होता तसा फोन. करू नका. पीएफचा यूएएन नंबर एकच असतो आणि त्यावर कुठल्या कंपनीत कधी होतात ते दिसतं. पडताळणी करणारे ते बघतात. रुजू झाल्यावर पकडलं गेलं तर नोकरीही जाते आणि नावही. गॅपबद्दल विचारलं तर खरं सांगा, दोन वाक्यांत: प्रोजेक्ट बंद झाला, टीम कमी केली, मधल्या काळात हे शिकलो आणि हे बनवलं. मी आमच्या दुकानाच्या उधारी-स्टॉकचं छोटं ॲप बनवलं. मुलाखतीत त्यावर वीस मिनिटं प्रश्न झाले, गॅपवर दोन.

दुसरे म्हणजे नोकरीसाठी डिपॉझिट, ट्रेनिंग फी, लॅपटॉप फी मागणारे. पैसे मागितले की समजायचं, ती नोकरी नाही. परदेशातल्या भारी पगाराच्या ऑफरबाबत तर फारच जपून. सप्टेंबर २०२२ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने इशारा दिला होता, की थायलंडमधल्या आयटी नोकरीच्या नावाखाली आपल्या तरुणांना म्यानमारला नेऊन डांबून ठेवतात आणि त्यांच्याकडून ऑनलाइन फसवणुकीची कामं करून घेतात. पैसे गेले असतील तर वेळ न घालवता १९३० ला फोन करा.

फ्रेशर मंडळींसाठी एक वेगळी वाट: अप्रेंटिसशिप आणि राज्य सरकारची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना. ही २०२४ मध्ये सुरू झाली तेव्हा पदवीधरांना महिना दहा हजार विद्यावेतन ठरलं होतं. कायम नोकरी नाही, पण रिझ्युमेवर पहिली खरी ओळ येते. सध्याचे नियम पोर्टलवर बघूनच अर्ज करा.

वेळ जास्त, काम कमी का होतं?

शेवटचा मुद्दा. ऑस्ट्रियात मारिएनथाल नावाचं गिरणीगाव होतं. १९२९-३० च्या सुमारास गिरणी बंद पडली आणि जवळपास अख्खं गाव बेकार झालं. मारी याहोदा आणि तिच्या सहकाऱ्यांनी तिथे जाऊन अभ्यास केला, तो १९३३ मध्ये पुस्तकरूपाने आला. त्यांना दिसलं, की लोकांकडे वेळच वेळ होता, तरी वाचनालयातून नेलेल्या पुस्तकांची संख्या जवळपास निम्म्यावर आली. त्यांनी रस्त्यावर चालण्याचा वेग मोजला. पुरुष हळू चालत होते, मध्येच थांबत होते. बायका मात्र भराभर जात होत्या, कारण घरचं काम त्यांची वाट बघत होतं.

सोलापूरकरांना हे चित्र परकं नाही. सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल १९४९ मध्ये बंद पडली, तेव्हा प्रकरण इतकं गंभीर झालं की १९५० मध्ये केंद्र सरकारने खास अध्यादेश काढून ती ताब्यात घेतली. काम गेलं की पगाराबरोबर दिवसाचा आकारही जातो.

म्हणून माझा दिवस आता असा आहे. सकाळी दुकान. दुपारी दोन ते सहा शोध: पहिला तास माणसांना मेसेज, दुसरा निवडक दोन अर्ज, नंतरचे दोन तास सराव आणि ॲपचं काम. सहाला लॅपटॉप बंद. रात्री पोर्टल उघडत नाही. रविवारी शीटचे चार आकडे बघतो आणि पुढच्या आठवड्यात जोर कुठे लावायचा ते ठरवतो.

गेल्या आठ आठवड्यांचा हिशोब: ३१ माणसांना मेसेज, १२ उत्तरं, ५ रेफरल, ३ मुलाखती. आधी सदतीस अर्जांमागे एक फोन होता. आता दहा मेसेजांमागे एक मुलाखत. त्यात एका ठिकाणी नकार आला, पण कारणासकट: सिस्टिम डिझाइन कच्चं आहे. बरोबर आहे त्यांचं, सध्या तेच करतोय. एका ठिकाणी दुसरी फेरी झालीय, उत्तर यायचंय. तिसरी पुढच्या मंगळवारी आहे.

म्हणजे नोकरी अजून नाहीच. पण आता गुरुवारी मी मागे बसत नाही, काउंटरवर असतो. कुणी विचारलं तर सांगतो.

तुमचे चार आकडे काढा, आणि गळती कुठे निघाली ते मला व्हॉइस नोटवर पाठवा. पुढच्या भागात त्यातल्या काही नोट्स घेऊन बोलू. आणि तुमच्यापैकी कुणाच्या कंपनीत जावा बॅकएंडची जागा असेल, तर… माल दाखवलाय, आता तुम्ही बघा!

भेटू पुढच्या एपिसोडला.